फॉर्म नंबर एकोणतीस

गाडी विकायची ठरली, पण आरसी बुकात मी नव्हते.
तिथे होती सौ. रत्नप्रभा सुरेश बऱ्हाटे,
राहणार खडका रोड, भुसावळ.
मी नऊ वर्षं झाली, पुन्हा भिरूड आहे,
मतदार यादीत, गॅसच्या पुस्तकात,
दूधवाल्याच्या वहीतसुद्धा.
गाडीचं तेवढं राहून गेलं.

नूरखाँ तडवी, एजंट, चष्मा कपाळावर,
म्हणाला, नाव बदलून मग विकायची तर दोन महिने धरा.
त्यापेक्षा जुन्याच नावाने सही ठोका, बाई.
एकोणतीस नंबर, दोन प्रती. तीस नंबर.
इथे, इथे, आणि उलटून इथे.

र. सु. पर्यंत नीट गेलं.
ऱ्ह जोडताना पेन अडखळलं.
त्याने जुनी झेरॉक्स शेजारी धरली.
"जुळत नाही. जरा घाईत करा.
तेव्हा तुम्ही घाईत होत्या."
खरं होतं. शोरूमच्या दारात
कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं.

घेणारा पारोळ्याचा, रंगलाल बोरसे, मंडप-डेकोरेशनवाला.
बोनेट उघडून ढोलकीला लावावा तसा कान लावला,
पेन्सिल घासून चेसिस नंबरचा ठसा काढला,
आणि डाव्या दाराच्या ओरखड्याचे पाच हजार कमी केले.
तो ओरखडा बँकेच्या फाटकाचा,
मी पहिल्यांदा एकटीने गाडी बाहेर काढली त्या दिवसाचा.
मी गप्प राहिले. त्याचे पैसे कसे सांगणार?
"आठ दिनमा नाव करी लिसू, ताई."
नोटा तीनदा मोजल्या. तिसऱ्यांदा मी.

फास्टॅग बंद करायचा राहिला.
साडेसहाशे रुपये होते त्यात.
महिन्याभराने पहाटे तीन पन्नासला फोन टिंगला,
पारोळ्याजवळचा नाका, पैसे वजा.
मग शिरपूर.
मग सेंधवा,
म्हणजे घाट चढून पार मध्य प्रदेशात.
शिरपूरच्या पुढे मी कधी गेले नाही.
बऱ्हाटेबाई निघाल्या होत्या.

मला त्याला फोन करायला हवा होता.
मी दोनशेचा रिचार्ज मारला.

मग चलान आलं.
फोटो मागून काढलेला, टपावर बांबू,
खिडकीतून एक कोपर बाहेर.
वाहनमालक सौ. रत्नप्रभा सुरेश बऱ्हाटे.
वेग ताशी चौऱ्याण्णव.
मी एकटीच हसत सुटले, गॅसवरचं दूध उतू गेलं.
तिने जन्मात काटा चाळीसच्या वर नेला नव्हता.
शेजारच्या सीटवरून हळू, हळू यायचं.

नूरखाँ हसला नाही.
"उद्या कोणी चाकाखाली आलं
तर रंगलाल नाही, तुम्ही उभ्या राहाल कोर्टात."
"मी की ती?"
"ज्याचं नाव त्याचं पाप, बाई."

रंगलाल आला. कागद डॅशबोर्डात होते तसेच,
वर उदबत्तीचा पुडा आणि कुणाच्या तरी हळदीचं बिल.
"लगीनसरनी धावपळ व्हती, ताई, राग नका धरू."
चलानाचे पैसे दिले, टोलचे दिले,
आणि दादरच्या पिठाची पिशवी ओट्यावर ठेवून गेला.
गाडी त्याने धुऊन आणली होती.
ओरखडा मात्र तसाच ठेवलेला.

तीन आठवड्यांनी ॲपमध्ये नंबर टाकून पाहिला.
मालकाच्या नावातली अर्धी अक्षरं
तिथे चांदण्यांनी झाकतात,
तरी कळलं, ती नाही.
टॅग बंद केला. बावीस रुपये परत आले.

मग नूरखाँची पावती पालथी घातली
आणि मागच्या कोऱ्या जागेत,
कुणी मागितली नसताना,
घाईत एक सही केली.

जुळली.